जुनी खतं आणि सावकारी चोपड्या कशा जमवाव्यात

वाड्याची वाटणी झाली किंवा पेढी मोडली, की गहाणखतं, कबुलायती (अटी मान्य असल्याचे लेखी करार) आणि लाल कापडी बांधणीच्या चोपड्या रद्दीत निघतात. अमळनेर, चोपडा, पारोळा, यावल भागात शोधत असाल तर भंगारवाल्याला आधीच सांगून ठेवा: गठ्ठा फोडू नको. व्हिक्टोरिया राणीचा स्टॅम्प दिसला की शौकीन तेवढं एक पान उचलतात, आणि नुकसान तिथेच होतं. गहाणखत, खतावणीतलं (खातेवहीतलं) त्या कुळाचं, म्हणजे कर्जदाराचं, खातं आणि फारखत (देणं फिटल्याचा लेख) एकत्र असतील तरच कर्ज फिटलं का, जमीन सुटली का, हे कळतं.

१. रुमाल, म्हणजे गठ्ठा बांधलेलं कापड, सोडण्याआधी फोटो काढा. मग कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने आकडे घाला. गाव आणि घराणं वेगळ्या वहीत टिपा.

२. तलाठी किंवा तहसील दप्तराचा शिक्का असलेला मूळ कागद घेऊ नका. तो सरकारी दप्तरातून फुटलेला असू शकतो. ऐतिहासिक मोलाची ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं १९७२च्या पुरावशेष कायद्यात येतात, ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत.

३. स्टॅम्पपेपर उलटून पाहा. विक्रेत्याची नोंद, म्हणजे क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव, पुढच्या मजकुराशी जुळली पाहिजे. कोऱ्या जुन्या स्टॅम्पवर नवं खत लिहून विकणारे इथेच सापडतात.

४. काळ ठरवा. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा, फसलीत (महसुली सनात) ५९०. पेशवाईतल्या कागदांत शुहूर सन, ही आणखी एक कालगणना, अरबी शब्दांत येतो: ‘समान तिसैन मया व अलफ’ म्हणजे ८+९०+१००+१०००, अर्थात ११९८. त्यात ५९९ मिळवले की १७९७. हे वर्ष मृगापासून धरतात, म्हणून जानेवारी ते मृग या महिन्यांसाठी आणखी एक मिळवा. शक आणि फसलीतही वर्षाच्या शेवटच्या महिन्यांना हेच लागू. मोडी वाचता येत नसेल तर आधी आकडे आणि महिन्यांची नावं शिका. व्यापाऱ्यांच्या चोपड्या गुजराती किंवा महाजनी लिपीतही निघतात, त्यांना मोडी समजून बसू नका.

५. जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, कागद पापडासारखा तडकतो. घड्या तेव्हा उलगडू नका, पावसाळ्यातही नको, बुरशी धरते. दिवाळीनंतरचे दिवस बरे. ओला बोळा कधीच फिरवू नका; काजळाची शाई पाण्याने पसरते. टाचण्या काढा, सेलोटेप आणि लॅमिनेशन टाळा. धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात बांधा, कारण खळीवर कसर (कागद-कापड खाणारी कीड) येते. गठ्ठा भिंतीपासून दूर, लोखंडी कपाटात ठेवा, म्हणजे वाळवी लागत नाही.

वाचन अडलं तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात विचारा. जाताना मूळ कागद नेऊ नका, स्वच्छ छायाप्रत न्या.