बर्फावर चढण्यासाठी शेल जॅकेट घेताना माप हात वर करून बघा

जानेवारीत बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीन आणि पुढे शिमला-किन्नौरमार्गे काझा असा प्रवास करून मी पहिल्यांदा गोठलेल्या धबधब्यावर चढायला गेले. आइस ॲक्सच्या (बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीच्या) तिसऱ्याच घावाला जॅकेट हार्नेसमधून, म्हणजे दोर अडकवायच्या कमरपट्ट्यातून, सुटून कमरेच्या वर आलं आणि वरच्या बर्फाच्या सुळ्यांवरून ठिबकणारं पाणी थेट पाठीत शिरलं. खाली उतरेपर्यंत आतला शर्ट ताठ झाला होता. जॅकेट चांगल्यातलं होतं, पाण्यालाही पक्कं होतं. चुकलं होतं ते माप. दुकानातल्या आरशासमोर, हात खाली सोडून, नुसत्या टी-शर्टवर घालून मी ते पसंत केलं होतं.

बर्फावर हात बहुतेक वेळ डोक्याच्या वर असतात. तेव्हा मापही तसंच बघायला हवं, आणि ते घरी निवांत बघता येतं. आपल्याकडे रेनकोट आणि बाइकची जॅकेटं भरपूर मिळतात, पण गिर्यारोहणाचं शेल, म्हणजे आतल्या थरांवरून घालायचं पाणी-वारा अडवणारं जॅकेट, बहुधा ऑनलाइनच मागवावं लागतं. परत करायची मुदत आधी वाचून घ्या आणि सगळी तपासणी होईपर्यंत टॅग काढू नका. दोन साइझ एकदम मागवता आल्या तर फार बरं.

सुरुवात आतल्या कपड्यांपासून करा. अंगालगत लोकरी किंवा सिंथेटिक बनियन, त्यावर पातळ फ्लीस आणि मग शेल. सुती काही नको. घामाने भिजलेलं सूत लवकर वाळत नाही आणि थंडीत अंगातली ऊब खेचून घेतं. इथे एक गल्लत हमखास होते. पिसांचं जाड जॅकेट आत मावावं म्हणून लोक शेल मोठं घेतात. ते जाड जॅकेट दोर धरून खाली थांबताना शेलच्या वरून घालायचं असतं. चढताना ते आत नसतंच. आमच्या खानापुरात उन्हाळ्यात एवढे थर घालून जीव नकोसा होतो, म्हणून मी हे सगळं पहाटे उरकते.

आता हार्नेस बांधा. नसेल तर जुना पंचा कमरेला घट्ट आवळा. दोन्ही हातांत एकेक लाटणं घ्या, दाराच्या चौकटीसमोर उभ्या राहा आणि आइस ॲक्स मारावी तसे आलटून पालटून वीस-पंचवीस घाव हवेत मारा. मग एक गुडघा कमरेपर्यंत उचला, दुसरा उचला, पुन्हा घाव मारा. मी हे स्वयंपाकघराच्या दारात करत होते तेव्हा आईने विचारलं, "काय करालीस गं?" तिला सांगितल्यावर ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि दहाव्या घावाला म्हणाली, "मागनं वर आलंय की गं!" असं मागून बघणारं माणूस हवंच, कारण पाठ आपल्याला दिसत नाही. पंच्याखालून जॅकेटची कड तसूभरही सरकता कामा नये. सरकत असेल तर पाठीची लांबी कमी आहे, किंवा काखेत कापड पुरेसं नाही. काखेत वेगळा तुकडा जोडलेला असेल तर हात उचलताना बाकीचं जॅकेट ओढलं जात नाही. बायकांनी नितंबांवरही लक्ष द्यावं. तिथे कड तंग असेल तर पाय उचलला की ती वर चढते, मग छातीचं माप कितीही बरोबर असो.

पाणी कसं शिरतं हे समजायला आपल्या भागात फार लांब जावं लागत नाही. पावसाळ्यात कौलांच्या पागोळ्यांखाली जुना रेनकोट घालून, हात वर करून दोन मिनिटं उभं राहा. पाणी मनगटातून शिरून कोपरापर्यंत आणि तिथून काखेत येतं. गोठलेल्या धबधब्यावरचं पाणी हेच करतं, फक्त ते बर्फाइतकं गार असतं. म्हणून आपले नेहमीचे हातमोजे घालूनच बाही तपासा. हात पूर्ण ताणल्यावरही मनगट उघडं पडू नये आणि बाहीची वेल्क्रो पट्टी मोज्यावर घट्ट बसावी. मोज्याचं तोंड लांब असेल तर ते बाहीवरून घ्या.

जॅकेटची टोपी हेल्मेटवरून चढवा, चेन हनुवटीपर्यंत लावा आणि मान वर, खाली, डावी-उजवीकडे वळवा. टोपी मानेबरोबर वळली पाहिजे, डोळ्यांवर यायला नको. वर बघताना खांदे ओढले जात असतील तर ते जॅकेट परत पाठवा. खिसे हार्नेसच्या पट्ट्याच्या वर हवेत, नाहीतर सामान काढताच येत नाही. चेन खालूनही उघडणारी असेल तर हार्नेसचा पुढचा लूप हाताशी राहतो. काखेतली चेन दमट अंगाला वारा देते. ती हातमोजे घालूनच उघडून बघा.

कापडाचं थोडक्यात. तीन थरांचं, सगळ्या शिवणींवर आतून टेप असलेलं घ्या. पाणी अडवण्याचं माप मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं: २०,००० मिलिमीटर म्हणजे २० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसतं. बर्फावर एवढं पुरतं. चारशे-पाचशे ग्रॅमचं जॅकेट सोयीचं.

एक विनंती मात्र कळकळीने. सैल घेऊ आणि टेलरकडून आल्टर करून घेऊ, ही आपली सवय इथे चालत नाही. सुई शिरली की भोक पडतं, त्यावर टेप नसते आणि पाणी तिथूनच आत येतं. मापात बसत नसेल तर दुसरं मागवा.

घेतल्यावर मळू लागलं की अशा कपड्यांसाठी मिळणाऱ्या द्रावणात धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याने पाणी ओघळायचं थांबून कापड भिजू लागतं. आणि खानापूर-जांबोटीकडची पावसाळी दमट हवा लक्षात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवलेल्या माझ्या पहिल्या जॅकेटची टेप दोन पावसाळ्यांत सुटली. आता ते पूर्ण वाळवून हँगरला मोकळं टांगते आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पंख्याखाली काढते.