इतिहासाचा धडा आजच्या प्रश्नांशी जोडताय? या चुका टाळा

दरवर्षी बी.एड.चे छात्राध्यापक आमच्या शाळेत पाठ घ्यायला येतात, आणि मागच्या बाकावर बसून ते पाठ पाहायचं काम माझ्याकडे असतं. टाचणाच्या शेवटी ‘आजच्या जीवनाशी सांगड’ अशा अर्थाचा एक रकाना असतो. त्यात बहुतेकांच्या वहीत एकच वाक्य सापडतं: ‘आजही देशाला अशा नेत्यांची गरज आहे.’ धडा टिळकांचा असो, मिठाच्या सत्याग्रहाचा असो की संयुक्त महाराष्ट्राचा, वाक्य बदलत नाही. मी त्याखाली लाल पेनानं विचारते, ‘नेमकी कशासाठी?’ पुढच्या पाठाला वही परत येते तेव्हा तो प्रश्न तसाच असतो.

नाशिकमध्ये आठवी ते दहावीला इतिहास शिकवत मला बावीस वर्षं झाली. सांगड घालणं अवघड जातं, यात मुलांचा दोष नाही. स्वातंत्र्यलढा आठवीत, १९६१ नंतरचा भारत नववीत, निवडणूक प्रक्रिया दहावीत, आणि महानगरपालिका सहावीतच उरकलेली. धागा आपणच ओवायचा असतो. तो ओवताना होणाऱ्या ज्या चुका पाहून मी थकले आहे, त्या इथे लिहिते.

‘हे म्हणजे अगदी तेच!’

सगळ्यात मोठी चूक ही. दोन्हीकडे गर्दी, दोन्हीकडे झेंडे, दोन्हीकडे चालणं. चला, सांगड झाली.

तीन वर्षांपूर्वी एका छात्राध्यापिकेनं सविनय कायदेभंगाचा पाठ घेतला. तयारी चांगली, आवाज खणखणीत. फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे दांडी यात्रा, १९३०. उजवीकडे नाशिकहून मुंबईला गेलेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च, २०१८. मग तिनं तारखा लिहिल्या. गांधीजी साबरमतीहून निघाले १२ मार्चला. लाँग मार्च ६ मार्चला सीबीएस चौकातून निघून आझाद मैदानावर पोचला तोही १२ मार्चला. वर्ग अवाक. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या रांगेतला एक मुलगा उठला. मूळ सुरगाण्याकडचा, नाशिकला मामाकडे राहून शिकणारा, एरवी तोंड न उघडणारा. म्हणाला, “बाई, पण ते कायदा मोडायला गेले होते ना? माझे वडील तर कायदा लागू करा म्हणायला गेले होते.”

अख्ख्या तासातलं सगळ्यात मोलाचं वाक्य ते होतं. छात्राध्यापिका म्हणाली, “हो, पण भावना तीच,” आणि पुढची स्लाइड लावली. मी मागच्या बाकावर गप्प बसले, कारण पाठ चालू असताना मध्ये बोलायचं नाही असा रिवाज आहे. त्या मुलाचा खाली बसतानाचा चेहरा मला अजून दिसतो.

दुसऱ्या दिवशी तो तास मी पुन्हा घेतला. दोन रकाने पुसले आणि एकच उभी रेघ मारली. १८७८, इंग्रजांचा वन कायदा. १९२७, भारतीय वन अधिनियम. १९३०, जंगल सत्याग्रह. आठवीच्या पुस्तकात सत्याग्रहाच्या ठिकाणांची यादी आहे आणि तीत आपल्या जिल्ह्यातलं कळवण आहे. एक शब्द, दोन स्वल्पविरामांच्या मध्ये अडकलेला. आजवर कुणी त्याखाली रेघ मारलेली मी पाहिली नाही. मग २००६, जंगलात कसत असलेल्या जमिनीवर आदिवासींचा हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा. त्याच्या प्रास्ताविकात आदिवासींवर झालेल्या ‘ऐतिहासिक अन्याया’चा स्पष्ट उल्लेख आहे. आणि २०१८, त्या कायद्याची अंमलबजावणी करा म्हणून सुमारे १८० किलोमीटर चाललेली माणसं, त्यांत कळवण, सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडची कितीतरी.

प्रत्येक सालाखाली दोन प्रश्न: कायदा कुणी केला? कुणाला विचारून? १९२७ आणि २००६ च्या मधली मोकळी जागा पाहून एका मुलीनं विचारलं, “स्वातंत्र्य मिळाल्यावर इंग्रजांचा कायदा गेला नाही का?” नाही गेला. १९२७ चा अधिनियम आजही चालू आहे. त्या एका उत्तरावर वर्ग वीस मिनिटं बोलत होता. सुरगाण्याच्या मुलानं नंतर वडिलांच्या दाव्याच्या पावतीची झेरॉक्स आणली. चार घड्या पडलेली, घडीवरची अक्षरं उडालेली. दावा आधी ग्रामसभेपुढे जातो, मग उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे, हे मुलांना त्या कागदावरून समजलं. पुस्तकातला तक्ता कुणी उघडलासुद्धा नाही.

तेव्हापासून माझी सवय ठरली आहे: एक साम्य सांगायचं असेल तर आधी तीन फरक लिहायचे. दांडीला अन्यायी कायदा मोडला. इथे न्याय्य कायदा राबवा म्हटलं. तिथे सरकार परकं होतं. इथे मत देऊन निवडलेलं. तिथे मागणी सगळ्या देशाची. इथे एका माणसाच्या चार-पाच एकरांची. हे लिहून झालं की मग शिस्तीचं साम्य सांगा. मुंबईत दहावीच्या मुलांना पेपरला अडचण नको म्हणून मोर्चेकऱ्यांनी शेवटचा टप्पा रात्रीच चालून काढला होता. दहावीचा वर्ग हे कधीच विसरत नाही.

फोटोला फोटो लावून दहा मिनिटांत टाळ्या मिळतात, हे मला माहीत आहे. पण ज्या मुलाच्या घरात तो प्रश्न आहे, त्याला त्या टाळ्यांत स्वतःचं घर दिसत नाही.

काही चुका थोडक्यात

जयंती-पुण्यतिथीच्या दिवशीच वर्तमान आठवणं. हार घालून झाला की सांगड संपते.

व्हॉट्सअॅपवर आलेला इतिहास वर्गात वाचून दाखवणं. साल आणि ठिकाण पडताळता येत नसेल, तर तो मजकूर स्टाफरूममध्येसुद्धा नको.

पक्षांची नावं घेऊन प्रश्न विचारणं. मुलं घरून पक्ष घेऊनच येतात. तुम्ही कायदा, तारीख आणि खातं विचारा.

आणीबाणीवर ‘योग्य की अयोग्य’ असा वादविवाद ठेवणं. तासभर आरडाओरडा होतो आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती घ्या. ‘अंतर्गत अशांतता’ काढून तिथे ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले गेले. मोर्चा निघाला म्हणून आता अशी आणीबाणी लावता येईल का, एवढंच विचारा.

गोदावरीच्या पाण्याबद्दल फक्त नाशिकच्या बाजूनं बोलणं. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्के साठा नसेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा विषय का येतो, हे निम्म्या वर्गाला पैठणचे शेतकरी करून मांडायला लावा. पाण्याच्या समन्यायी वाटपाचा कायदा २००५ चा आहे, आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे.

काळारामाचं दार त्याच दिवशी उघडवणं

पंचवटीची सहल सगळ्या शाळांची होते. मंदिराच्या पूर्व दरवाजाशी फोटो, येताना भेळ. परत आल्यावर विचारावं, अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या सत्याग्रहानंतर दार कधी उघडलं? निम्मा वर्ग म्हणतो, “लगेच.” मुलांना तसं वाटतं, कारण आपण तसं शिकवतो: ‘सत्याग्रह केला आणि प्रवेश मिळवून दिला.’

सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. नेतृत्व डॉ. आंबेडकरांचं, आणि इथली रोजची धुरा दादासाहेब गायकवाडांकडे. लोक येत राहिले, मार खात राहिले, तुरुंगात जात राहिले. पाच वर्षांच्या आसपास हे चाललं आणि तेवढ्या काळात दार उघडलं नाही. १९३४ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून सत्याग्रह थांबवायला सांगितलं. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. मुंबई प्रांताचा मंदिर प्रवेशाचा कायदा १९४७ चा. अस्पृश्यता नष्ट करणारा राज्यघटनेचा अनुच्छेद १७ अमलात आला १९५० ला, आणि अस्पृश्यता हा गुन्हा ठरवून शिक्षा सांगणारा कायदा आला १९५५ ला. मी हे सगळं वर्गात दोरीवर लावते, दर वर्षाला एक गाठ. पंचवीस गाठी. मुलांच्या हातातून ती दोरी फिरते तेव्हा ‘लगेच’ म्हणणारी मुलं गप्प होतात.

इथून आजवर येताना नवखे शिक्षक दोनपैकी एका खड्ड्यात पडतात. एक म्हणजे ‘आता हे सगळं संपलं’. दुसरा म्हणजे थेट आरक्षणावरचं भांडण. मी गटारीकडे नेते. हातानं मैला साफ करायला लावण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला आणि २०१३ ला पुन्हा करावा लागला. दुसऱ्यांदा का करावा लागला? आपल्या गल्लीत चेंबर तुंबतं तेव्हा मशीन येतं की माणूस उतरतो? हातमोजे, बूट होते का? मुलं आठवडाभर पाहतात आणि वहीत लिहितात. त्या माणसाला जात विचारायची नाही, फोटो काढायचा नाही, पाणी विचारायचं.

आणि एक गोष्ट मी कुणालाही माफ करत नाही. वर्गातल्या एखाद्या मुलाला उभं करून ‘तुझ्या घरचा अनुभव सांग’ म्हणणं. त्याला सांगायचं असेल तर तो सुरगाण्याच्या मुलासारखा स्वतःहून उठेल.

नसलेल्या नगरसेवकाला पत्र

२०२३ मध्ये एका तरुण सहकाऱ्यानं जुन्या वर्कशीटवरून स्वाध्याय दिला: ‘आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना रस्त्यावरील खड्ड्यांबाबत पत्र लिहा.’ सगळ्या वर्गानं लिहिलं. अक्षर सुंदर, मायने बिनचूक. पण नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. शहरात एकही विद्यमान नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकाकडे होता. पत्रांचा गठ्ठा मुलांसमोर ठेवून मी विचारलं, हे नेऊन द्यायचं कुणाला?

तिथून खरा धडा सुरू झाला. नाशिक महापालिका झाली १९८२ ला आणि तिची पहिली निवडणूक झाली १९९२ ला. मधली दहा वर्षं प्रशासकच होता. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली. तिच्यानुसार पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी. मग २०२२ मध्ये ती का झाली नाही? इतर मागासवर्गीयांचं आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयातली प्रकरणं. पुढे मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. त्या दिवशी मुलांनी मायना बदलला, ‘मा. आयुक्त तथा प्रशासक’, आणि खड्ड्यांच्या खाली आणखी एक ओळ घातली: आम्ही आमच्या प्रश्नासाठी कुणाला भेटावं?

जुनं वर्कशीट वापरायची घाई असेल तर निदान वर्तमानपत्र वाचून मग वापरा.

पहिली निवडणूक ‘मोठी होती’ एवढंच सांगणं

१९५१-५२ ची निवडणूक, सुमारे १७ कोटी मतदार, सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त. एवढं लिहून घेतात आणि पुढचा मुद्दा. यातली खरी गोष्ट यादीत आहे. कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको अशीच नोंद झाली. सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं आणि सुमारे २८ लाख नावं यादीतून गळली.

याला जोडून मी आजीचं नाव शोधायला लावते. माहेरचं, लग्नात बदललेलं, रेशनकार्डावरचं, मतदार यादीतलं. कार्डांच्या झेरॉक्स आणायच्या नाहीत, फक्त नावं लिहून आणायची. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या नावाआधी येतं, तो शासन निर्णयही याच तासाला येतो.

मागच्या वर्षी एका मुलीच्या वहीत आजीची चार नावं होती आणि चारही वेगळी. मतदार यादीत तर नावात अक्षरच चुकलेलं, आणि त्याच नावानं आजी इतकी वर्षं मत देत आलेली. मुलीनं मतदार यादीतली नोंद दुरुस्त करायचा फॉर्म ८ भरला, आजीनं चष्मा पुसून प्रत्येक अक्षर तपासलं आणि मग सही केली.