जुना डिझेल ट्रक घेताय? आकडा जाहिरातीतला नको, दारावरचा वाचा

अमेरिकेत ट्रेलर जोडून फिरायचा बेत ठरला की पहिला प्रश्न येतो तो हा: ट्रक किती ओढेल? विकणारा म्हणतो, ‘चौदा हजार पाउंड आरामात.’ तो खोटं बोलत नसतो. फोर्डच्या एफ-२५० किंवा रॅम २५०० या पिकअप ट्रकमधलं डिझेल इंजिन तेवढं ओढतंही. पण ट्रेलरच्या वजनाचा एक हिस्सा ट्रकच्या पाठीवर येतो, आणि तो पेलायचं काम इंजिनाचं नाही. ते स्प्रिंगा, ॲक्सल आणि टायर करतात.

म्हणून आधी ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीच्या खांबावर पिवळ्या पट्ट्याचं स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. हाच पेलोड. डिझेल इंजिन जड असल्यामुळे त्याच मॉडेलच्या पेट्रोल ट्रकपेक्षा डिझेलचा पेलोड बहुधा कमीच भरतो.

समजा, स्टिकरवर २,२०० पाउंड आहेत. ट्रकच्या मागच्या बॉलवर, म्हणजे जोडणीच्या गोळ्यावर, अडकवायच्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार ट्रकवर येतो. ८,००० पाउंडांच्या ट्रेलरचे ८०० ते १,२०० पाउंड झाले. जमलं. आता फिफ्थ व्हील बघा, ज्याचा सांधा ट्रकच्या हौद्यात बसतो. तिथे हाच भार १५ ते २५ टक्के असतो. ट्रेलर १२,००० पाउंडांचा असेल तर २० टक्क्यांनी २,४०० पाउंड. घरातलं एकही माणूस आत बसायच्या आधीच ट्रक ओव्हरलोड! हिशेब करताना ट्रेलरचं रिकामं वजन धरू नका, त्याच्या प्लेटवरचं कमाल वजन धरा. पाण्याचा एक गॅलन ८.३ पाउंडांचा, म्हणजे ४० गॅलनची टाकीच सव्वातीनशेच्या वर जाते. शिवाय आपली मंडळी कुकर आणि तांदळाची पिशवी घरी ठेवून निघत नाहीत. खात्री करायची तर हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे ट्रक तोलायचा काटा, असतो, तिथे भरलेली गाडी तोलून घ्या.

आणि ट्रेलर पाच-साडेपाच हजार पाउंडांचाच निघाला, तर डिझेलचा नाद सोडा. पेट्रोलचा एफ-१५० पुरतो आणि दुरुस्तीही स्वस्त पडते.

नाव बघून घेऊ नका, साल बघा

‘फोर्ड चांगला की रॅम?’ या वादात संध्याकाळ जाते, हाती काही लागत नाही. एकाच कंपनीचं एका सालचं इंजिन सोनं, तर दुसऱ्या सालचं डोकेदुखी. २००३ ते २००७ मधलं फोर्डचं ६.० लिटर इंजिन ऑइल कूलर, ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत फिरवणारी यंत्रणा) कूलर आणि हेड गॅस्केटसाठी बदनाम आहे. त्याच्या कूलंटच्या बाटलीच्या झाकणाभोवती पांढरे डाग दिसले तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. २००१ ते २००४ च्या ड्युरामॅक्समध्ये, म्हणजे जीएमच्या डिझेल इंजिनात, इंजेक्टर (डिझेल फवारणारे भाग) बिघडतात. १९९८ ते २००२ च्या रॅममधल्या २४ व्हॉल्व्ह कमिन्स इंजिनाचा व्हीपी-४४ हा इंधनाचा पंप टाकीकडून डिझेलचा दाब कमी पडला की मरतो.

नव्याकडे गेलं की सीपी-४ हा इंधनाचा हाय-प्रेशर पंप भेटतो. २०११ नंतरचं फोर्डचं ६.७, २०११ ते २०१६ चं ड्युरामॅक्स आणि २०१९-२० चं रॅम, तिन्हींत तो होता. तो फुटला की लोखंडाचा चुरा इंजेक्टरपर्यंत पोचतो आणि बिल पाच आकड्यांत जाऊ शकतं. रॅमने २०२१ मध्ये हे ट्रक रिकॉलही केले. त्यामुळे फ्युएल फिल्टर वेळेवर बदलल्याच्या पावत्या मागा. त्या दाखवता न येणाऱ्याशी मी तरी पुढे बोलणार नाही.

कमी मैलांचा मोह

मैलांबरोबर इंजिनाचे तासही बघा. बऱ्याच ट्रकच्या डॅशबोर्डवर ते दिसतात. ९०,००० मैलांना ४,५०० तास, म्हणजे सरासरी ताशी २० मैल. हा ट्रक बहुतेक वेळ उभ्या जागी घरघरत होता. अशा वापरात धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर तुंबतो. हायवेवर दीड लाख मैल धावलेला ट्रक मला त्याहून बरा वाटतो.

हा तुंबारा टाळायला काही मालक डीपीएफ आणि ईजीआर काढूनच टाकतात, आणि जाहिरातीत ‘डिलीट केलेला’ असं मिरवतात. ते क्लीन एअर ॲक्ट या अमेरिकेच्या प्रदूषणविरोधी कायद्याच्या विरुद्ध आहे. कॅलिफोर्नियात तर १९९८ पासूनच्या डिझेल पिकअपना दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी असते, तिथे असा ट्रक नापास. खाली वाकून बघा: सायलेन्सरच्या वाटेवर जाडजूड डबे नसून नुसती सरळ नळी असेल तर काय ते समजा. वाकलाच आहात तर चेसिस आणि ब्रेकच्या नळ्याही बघून घ्या. ओहायो-मिशिगनकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, गंज आतून खातो.

जाण्याआधी विकणाऱ्याला सांगून ठेवा, ‘आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका.’ पोचल्यावर बॉनेट उघडून हात लावा. गरम लागलं तर थंड स्टार्टचा त्रास लपवलेला असू शकतो; दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा या, नाहीतर येऊच नका. सुरू झाल्यावर ऑइलचं झाकण सैल करा. थोडी वाफ चालते, पण झाकण थडथड उडत असेल तर पिस्टन रिंगा गेल्या असण्याची शक्यता आहे. मग लांब उतारावर एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून वेग कमी करणारा) लावून बघा, आणि शक्य असेल तर मागे ट्रेलर जोडून. रिकाम्या ट्रकचा गिअरबॉक्स कधीच तक्रार करत नाही.