प्रोबायोटिक दिलं, तरी फरक नाही? आधी पाण्याची टाकी बघा

ब्रॉयलर कोंबड्यांची बॅच उचलली जाते, हिशोबाचा कागद हातात येतो, एफसीआर (किलोभर वजनासाठी किती किलो खाद्य लागलं तो आकडा) होता तिथेच असतो आणि खापर फुटतं ते प्रोबायोटिकच्या डब्यावर. "पैसे पाण्यात गेले," असं ब्रॉयलर करणारे कितीतरी जण म्हणतात. बहुतेक वेळा ते शब्दशः खरं असतं. पैसे पाण्यातच गेलेले असतात, कारण त्या पाण्यात क्लोरीन होता.

डब्यातल्या भुकटीत जिवंत जिवाणू असतात. लॅक्टोबॅसिलस, एन्टेरोकोकस, बॅसिलस, कधी सॅकॅरोमायसिस हे यीस्ट. ते आतड्यापर्यंत जिवंत पोचले तर उपयोग, वाटेत मेले तर तुम्ही पक्ष्यांना महागडं पीठ पाजलं एवढंच. त्यामुळे "कुठल्या कंपनीचं चांगलं?" या प्रश्नाआधी "माझ्या शेडवर ते मरतं कुठे?" हे शोधायला हवं.

टीसीएलच्या पाण्यात प्रोबायोटिक

ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि ती करणारं कुणी निष्काळजी नसतं. सकाळी गडी रोजच्या सवयीने टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकतो. नऊ वाजता मालक येऊन त्याच टाकीत प्रोबायोटिकचं पाकीट फोडतो. दोघांनीही आपापलं काम चोख केलेलं असतं. उकळत्या दुधात विरजण लावण्यातला हा प्रकार.

तपासणं अवघड नाही. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी नळाचं पाणी ज्या ओटी (ऑर्थोटोलिडिन) द्रावणाने तपासतो, तेच आणा. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, थेंब टाका, हलवा. पिवळी झाक आली की क्लोरीन आहे. फक्त पाणी टाकीतून घेऊ नका, शेडच्या शेवटच्या टोकाच्या निपलमधून (पक्षी चोच लावून पितात त्या तोटीतून) घ्या, कारण पक्षी पितो ते पाणी तिथलं. हायड्रोजन पेरॉक्साइडचं सॅनिटायझर वापरत असाल तर ओटीवर विसंबू नका. ते आदल्या दिवसापासून बंद ठेवून लाइन साध्या पाण्याने धुऊन घ्या. मोरचूद आणि पोटॅशियम परमँगनेट यांचंही तेच. बुरशीसाठी मोरचूद सोडलेल्या पाण्यात जिवाणू टाकण्यात काही अर्थ नाही.

यावर उपाय म्हणजे औषधासाठी वेगळी छोटी टाकी किंवा बॅरल. त्यात सॅनिटायझर कधीच जाणार नाही असा दंडक घाला. उघड्या बॅरलमध्ये रात्रभर ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो, तरी ओटी करूनच खात्री करा. लस पाजताना आपण लिटरला अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर टाकतो, तो उपाय इथेही लागू पडतो. पण रोज केलात तर निपल चोंदतील.

इथे काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि प्रोबायोटिक चालू म्हणून आठवडाभर पाणी शुद्ध करणंच बंद करतात. बोअरमध्ये ई. कोलाय असेल तर कुठलंही प्रोबायोटिक त्याला पुरं पडणार नाही. सकाळी चार-पाच तास प्रोबायोटिकचं पाणी, मग लाइन फ्लश, मग पुन्हा सॅनिटायझरचं पाणी, असा क्रम ठेवा. फ्लश चुकवू नका. डेक्स्ट्रोज किंवा गूळ असलेल्या पाण्याने पाइपच्या आत बुळबुळीत थर धरतो, आणि त्या थरात नको ते जिवाणू मजेत राहतात.

आणखी एक, टाकी. पत्र्यावर किंवा उघड्या उन्हात ठेवलेली काळी सिंटेक्सची टाकी. मे महिन्यात विदर्भात तिच्यातल्या पाण्याला हात लावून बघा. ते पाणी पक्षी नीट पीत नाही आणि लॅक्टोबॅसिलससारखे नाजूक जिवाणू त्यात तग धरत नाहीत. टाकीवर सावली करा, ओलं गोणपाट गुंडाळा आणि प्रोबायोटिक भल्या पहाटे द्या. पाकिटंही शेडच्या खिडकीत नकोत. डबा फोडला की झाकण घट्ट लावून घरात गार, कोरड्या जागी ठेवा.

अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक एकाच दिवशी

"डॉक्टर, दोन्ही चालू केलंय, म्हणजे लवकर आराम पडेल." हे वाक्य ऐकून पशुवैद्यकांचा जीव मेटाकुटीला येतो. एन्रोफ्लोक्सासिन किंवा डॉक्सीसायक्लिन आपले-परके बघत नाही. बॅसिलसचे बीजाणू टणक असतात हे खरं, पण आतड्यात जाऊन ते रुजले की त्यांनाही औषध लागू होतं. यीस्ट तेवढं वाचतं, कारण ही औषधं जिवाणूंवर चालतात, यीस्टवर नाही. म्हणून कोर्स पूर्ण करा आणि दुसऱ्या दिवसापासून चार-पाच दिवस प्रोबायोटिक द्या. औषधाने मोकळ्या झालेल्या आतड्यात कोण आधी जागा पकडतं याला तेव्हाच महत्त्व असतं.

कोलिस्टिन या अँटिबायोटिकच्या जुन्या बाटल्या अजून कुणाच्या कपाटात असतील तर त्या बाहेर काढा. जनावरं-पक्ष्यांमध्ये त्याच्या वापरावर भारतात २०१९ पासून बंदी आहे.

खाद्यातल्या कॉक्सिडिओस्टॅटचा, म्हणजे कॉक्सी (कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा रोग) रोखणाऱ्या औषधाचा, मात्र कुणी विचारच करत नाही. सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन, मदुरामायसिन ही नावं खाद्याच्या लेबलवर असतात. ती कॉक्सीसाठी असली तरी काही ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंनाही दाबतात, आणि आपले बहुतेक प्रोबायोटिक त्याच गटातले. बॅसिलसच्या अनेक जाती त्यांच्यासोबत टिकतात. तुम्ही घेताय तो प्रकार टिकतो का, हे विक्रेत्याला विचारा आणि उत्तर कागदावर मागा. तोंडी "सगळ्याबरोबर चालतं" म्हणणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं.

विसाव्या दिवशी जाग येणं

पातळ विष्ठा दिसली, लिटर (शेडमधलं भुशाचं अंथरूण) ओलं झालं, की धावपळ करून डबा आणायचा. तोपर्यंत आतड्यात कोण राहणार हे ठरून गेलेलं असतं. हॅचरीतलं पिल्लू कोंबडीच्या पंखाखाली वाढत नाही. आईच्या विष्ठेतून, मातीतून जे जिवाणू त्याला मिळाले असते ते मिळतच नाहीत. १९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला ऐवज पिल्लांना पाजून दाखवलं की त्यांना साल्मोनेलाची लागण कमी होते. चांगल्यांनी जागा अडवली की वाईटांना थारा मिळत नाही, या कल्पनेचा पाया तिथला.

म्हणून सुरुवात पहिल्या दिवशी, पहिल्या पाण्यापासून. आपल्याकडे पिल्लं उतरल्यावर गुळाचं पाणी देतात, त्यात घातलं तरी चालतं, पाणी कोमट असावं, गरम नको. पहिले तीन ते पाच दिवस सलग द्या. नंतर लसीनंतर, खाद्य बदलताना, उन्हाच्या लाटेत, अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर. रोज देणं परवडत नसेल तर हे टप्पे सांभाळा. लस पाजताना मात्र त्याच पाण्यात दुसरं काहीच मिसळू नका.

डब्यावरचं चित्र बघून खरेदी

लेबलवर फक्त "लाभदायक जिवाणूंचे मिश्रण" लिहिलं असेल तर डबा परत ठेवा. जिवाणूचं नाव, एका ग्रॅममध्ये किती सीएफयू (जिवंत जिवाणूंची मोजणी), बॅच नंबर, मुदत, हे सगळं हवं. मग बोटांवर हिशोब. खाद्यात साधारण ग्रॅमला १० लाख सीएफयू असावेत असं धरतात. उत्पादनात ग्रॅमला १०० कोटी असतील तर टनाला १ किलो पुरतं. ग्रॅमला १ कोटीच असतील तर त्याच परिणामासाठी टनाला १०० किलो लागतील, म्हणजे खाद्यात दहावा भाग प्रोबायोटिकच. हे कुणी देतं का? तरी "टनाला अर्धा किलो" असं छापून तो डबा निम्म्या किमतीत विकला जातो आणि स्वस्त म्हणून खपतो.

पाण्यातून देताना डोस लिटरवर आहे की पक्ष्यांच्या संख्येवर, हे नीट वाचा. हजार पक्षी पहिल्या आठवड्याच्या शेवटी दिवसाला साठेक लिटर पितात आणि पाचव्या आठवड्यात ३०० च्या आसपास. उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. लिटरचा डोस डोळे झाकून धरला तर लहान पिल्लाला कमी आणि मोठ्याला नको तेवढं जातं.

शेडवर हाताने खाद्यात मिसळणार असाल तर किलोभर पावडर आधी दहा किलो खाद्यात कालवा, मग पुढे वाढवा. खाद्याचे पेलेट (वाफ देऊन दाबलेले दाणे) होणार असतील तर ऐंशी-पंच्याऐंशी अंशांची वाफ लॅक्टोबॅसिलसला झेपत नाही. तिथे बॅसिलसचे बीजाणूच हवेत.

ताकाचा प्रयोग

घरचं ताक आहे, मग विकतचं कशाला, असा विचार येतोच. थोडंसं ताक बेल ड्रिंकरमधून (घंटेच्या आकाराच्या टांगत्या भांड्यातून) दिलं म्हणून आभाळ कोसळत नाही. पण कोंबडीला दुधातली साखर पचत नाही, जास्त झालं की उलट हगवण लागते. दह्यातले जिवाणू तिच्या आतड्यात फारसे टिकूनही राहत नाहीत. निपलच्या लाइनमध्ये ताक सोडणं तर संकट ओढवून घेणं. त्याहून धोक्याचा प्रकार म्हणजे एक पाकीट गुळाच्या बॅरलमध्ये टाकून आठवडाभर "वाढवायचं". त्या बॅरलमध्ये आठव्या दिवशी काय वाढलंय, ते वासावरून कुणालाच सांगता येत नाही.

जे काम प्रोबायोटिकचं नाही

मूठभर लिटर घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर लिटर ओलं आहे. हळूहळू भेगाळून मोकळा झाला तर ठीक. शेडमध्ये उकिडवं बसा आणि पक्ष्याच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरत असतील तर अमोनिया आहे, आणि तो उभ्या माणसापेक्षा पक्ष्याला आधी लागतो. पडदे बंद, लिटर ओलं, ब्रूडिंगला (पिल्लांना ऊब द्यायला) बल्ब कमी, अशा शेडमध्ये महागातलं महाग प्रोबायोटिकही हात टेकतं. पिल्लं आल्यावर २४ तासांनी काही पिल्लांची अन्नपिशवी चाचपून बघा. जवळजवळ सगळ्यांची भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. तसं नसेल तर आधी तापमान, पाणी आणि फीडरची जागा सुधारा.

विष्ठेत रक्त दिसलं तर कॉक्सी समजून त्याच दिवशी पशुवैद्यकांना फोन करा, प्रोबायोटिकने ते थांबत नाही. मान वाकडी होणं, अचानक वाढलेली मरतूक, हेही तसंच. तिथे दोन दिवस वाट बघणं म्हणजे बॅच घालवणं.

फरक पडला की नाही, हे कसं कळणार?

मागच्या बॅचशी तुलना करून काहीच कळत नाही. पिल्लं वेगळी, ऋतू वेगळा, खाद्य वेगळं. दोन शेड असतील तर एकात द्या, एकात देऊ नका. एकच शेड असेल तर मधे पार्टिशन टाकून दोन बाजूंना दोन टाक्या लावा. सातव्या दिवशी प्रत्येक बाजूची पन्नास-शंभर पिल्लं वजन करा, मग दर आठवड्याला. फरक छोटाच असतो, पण हिशोब करा. सव्वादोन किलोच्या पक्ष्यात एफसीआर १.७० वरून १.६५ वर आला तर हजार पक्ष्यांमागे ११२ किलो खाद्य वाचतं. किलोला ४० रुपये धरले तरी साडेचार हजार. त्यापेक्षा जास्त पैसे पावडरवर गेले असतील तर तो सौदा तोट्याचा.

करारावर पक्षी वाढवत असाल तर आधी सुपरवायझरला विचारा, कंपनीच्या खाद्यात प्रोबायोटिक आहे का. पुष्कळदा असतं, आणि शेतकरी पदरच्या पैशाने तेच पुन्हा घालत बसतो. खाद्य कंपनीचं, वाचलेल्या खाद्याचा मोठा वाटाही कंपनीचा, तुमच्या हाती येतो तो एफसीआरवरचा बोनस. त्या बोनसच्या तुलनेत खर्च बघा.

सगळं नीट करूनही मरतूक थांबत नसेल तर अंदाजावर पावडरी बदलत बसू नका. नुकतेच मेलेले दोन-तीन आणि आजारी दिसणारे एक-दोन पक्षी घेऊन जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात शवविच्छेदन करून घ्या. मेलेला पक्षी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बर्फात ठेवा, फ्रीझरमध्ये गोठवू नका, गोठल्यावर आतड्याची तपासणी नीट होत नाही. सोबत एका कागदावर बॅचचं वय, रोजची मरतूक, दिलेल्या लसी आणि गेल्या दहा दिवसांत पाण्यातून जे जे दिलं ते सगळं लिहून न्या, टीसीएलसकट.