एकटीने नाटकाला जायचं तर

नाटकाला एकटीने जाण्यात काय एवढं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. ज्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘ते नवीन नाटक बघूया ना गं’ असा मेसेज येतो, त्यावर पटापट अंगठे पडतात, मग एकीच्या सासूबाई आजारी, एकीच्या मुलाची परीक्षा, आणि तोवर नाटकाचे प्रयोगच थांबतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझी कितीतरी नाटकं अशी हुकली. नवरा येतो, नाही असं नाही. पण येतो तो उपकार केल्यासारखा, आणि पहिला अंक संपायच्या आत मनगट वळवून घड्याळ बघतो. शेजारचा माणूस कंटाळलाय हे एकदा कळलं की स्टेजवरचं मला निम्मंच दिसतं. मी ठाण्याची, पतपेढीत नोकरी, पन्नाशी उलटलेली. आता बहुतेक नाटकं एकटीच बघते आणि मैत्रिणींनाही तेच सांगते.

पहिल्यांदा जाताना नाट्यगृह आपल्या घराजवळचं निवडा. मला तलावपाळीवरचं गडकरी रंगायतन, कारण रात्री तिथून चालत घरी येता येतं. डोंबिवलीकरांना सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे, कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर, पार्ल्याला दीनानाथ. पुण्यात बालगंधर्व आहेच, १९६८ पासून. दादरचं शिवाजी मंदिर स्टेशनपासून चालत आहे, पण परतीच्या गर्दीच्या लोकलचा विचार करून जा. प्रयोग शक्यतो दुपारचा घ्या. चारचा असेल तर साडेसहाच्या आसपास सुटतो, हिवाळा सोडला तर बाहेर अजून उजेड असतो, आणि ‘एवढ्या रात्री एकटी?’ हा घरातला प्रश्न निघतच नाही.

नाटक कुठलं निवडायचं? इथे माझं मत बहुतेकींच्या उलट आहे. सगळ्या म्हणतात, पहिल्यांदा एकटी जातेस तर विनोदी बघ, जरा बरं वाटेल. माझा अनुभव असा की एकटीला रडणं सोपं असतं, हसणं अवघड. हशा हा चारचौघांचा मामला आहे. पहिला पाऊण तास आपण तोंडावर रुमाल धरल्यासारखं हसतो, शेजारच्या अनोळखी काकांकडे चोरून बघतो, त्यांना हसू येतंय का ते पाहतो. दुसऱ्या अंकात हे जातं, पण तोवर अर्धं नाटक संपलेलं असतं. त्यापेक्षा दोन-तीन पात्रांचं, घरातल्या माणसांचं नाटक घ्या. शुभारंभाच्या प्रयोगाला जाऊ नका. त्या दिवशी निम्मं सभागृह ओळखीपाळखीचं असतं, सगळे एकमेकांना मिठ्या मारत असतात, आणि एकटं माणूस तिथे खरोखर एकटं पडतं. पाच-पंचवीस प्रयोग होऊ द्या. नटांच्या वाक्यांना तोवर जागा सापडलेल्या असतात.

तिकीट अ‍ॅपवर काढलं तरी चालतं, पण जमलं तर खिडकीवर जा. बऱ्याच ठिकाणी खिडकी सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघडी असते, भर दुपारी बंद. शनिवार-रविवारच्या पेपरात नाटकांच्या जाहिरातींत वेळ असते, ती ‘रवि. दु. ४, गडकरी’ अशा भाषेत. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यामुळे पुढच्या रांगांचे दरसुद्धा पुष्कळदा ५०० वरच थांबलेले दिसतात. खिडकीवर तक्ता समोर असतो आणि एकटीचा मोठा फायदा तिथे कळतो. जोड्या-जोड्यांनी बुकिंग होतं, मध्ये एकेक खुर्ची सुटते. हाऊसफुल्लच्या आदल्या दिवशीसुद्धा पाचव्या-सहाव्या रांगेत मधोमध एक जागा निघते. खिडकीवरचा माणूस ‘एकच?’ असं विचारेल. ‘हो, मधलं द्या’ एवढंच म्हणायचं. खुलासा देत बसायचं नाही. पहिल्या दोन रांगा मी घेत नाही, मान दुखते आणि नटाच्या चेहऱ्यापेक्षा चपला जास्त दिसतात.

बरोबर काय न्यायचं ते थोडक्यात. पातळ शाल किंवा ओढणी, कारण एसीचा काही भरवसा नसतो. कापडी रुमाल. टिश्यूचं पाकीट नको, शांत प्रवेशात त्याचा कागद असा कुरकुरतो की तीन रांगा मागे वळून बघतात. प्लास्टिकची पिशवी तर अजिबात नको.

पहिल्या घंटेच्या आधी खुर्चीत बसा. हे मी आग्रहाने सांगते. पडदा बंद असताना आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज येतो, उदबत्तीचा वास पडद्याखालून येतो, कुणीतरी माइक तपासतं. दुसरी घंटा. मग तिसरी, आणि ‘रंगदेवतेला आणि रसिक प्रेक्षकांना विनम्र अभिवादन करून’ ही घोषणा. बरोबर माणसं असली की हा सगळा वेळ ‘वडा मिळेल ना गं इथे’, ‘गाडी कुठे लावलीस’ यात जातो. एकटीला तो पूर्ण मिळतो. दिवसभरातला पतपेढीचा हिशेब, गॅस सिलिंडरचा फोन, सगळं डोक्यातून खाली उतरायला तेवढी दहा मिनिटं लागतातच.

नाटक सुरू झालं की दोन प्रवेशांमधल्या अंधाराकडे लक्ष ठेवा. मला तो फार आवडतो. दिवे जातात, स्टेजच्या जमिनीवर चिकटवलेल्या रेडियमच्या बारीक हिरवट पट्ट्या दिसायला लागतात, आणि काळ्या कपड्यांतली दोन माणसं खुर्ची उचलून बरोबर त्या खुणेवर ठेवतात. टेबलावरचा पेला उचलला जातो, दुसरा ठेवला जातो. दहा-पंधरा सेकंदांचा खेळ. दिवे येतात तेव्हा त्या घरात सहा महिने गेलेले असतात. बरोबर कुणी असलं की हीच सेकंदं ‘छान करतोय ना हा?’ या प्रश्नाला जातात.

रडू आलं तर येऊ द्यायचं. मागे एका नाटकात म्हातारा बाप औषधाच्या गोळ्या तळहातावर घेऊन मोजत बसतो, एवढाच प्रसंग होता, संवाद एकही नाही. माझे बाबा गोळ्यांच्या पाकिटावर बॉलपेनने तारीख घालायचे. शेजारी नवरा असता तर मी सावरून बसले असते, त्याने विचारलं असतं, मी ‘काही नाही’ म्हटलं असतं. अनोळखी माणूस अंधारात आपल्याकडे बघत नाही, आणि बघितलं तरी विचारत नाही. घरात कित्येक महिने ज्याला जागा मिळत नाही ते असं तिकिटाच्या पैशांत मोकळं होतं. पण ठरवून रडायला जाऊ नका. तसं गेलं की नेमकं काही होत नाही, मी करून बघितलंय.

आता मध्यंतर. खरी परीक्षा हीच. पंधरा मिनिटं असतात, सगळे आपापल्या घोळक्यात, आणि आपले हात नेमके कुठे ठेवायचे ते कळत नाही. मोबाइल काढायचा मोह होतो. काढू नका, एक मेसेज वाचला की पहिला अंक गेला. आधी बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग, ती मोठीच असते, म्हणजे पाच मिनिटं तिथे गेली. मग वड्याची रांग. वडा गरम असतो आणि कागदातून तेल बोटांना लागतं, त्यामुळे हातांचा प्रश्न आपोआप सुटतो. उरलेल्या वेळात लोकांचं ऐका. नाटकाच्या मध्यंतरात माणसं फार खरं बोलतात. एक बाई नवऱ्याला म्हणाली होती, ‘बघ, तुझी आई अशीच बोलते,’ आणि तो गृहस्थ वडा खाणं थांबवून नुसता उभा राहिला. त्या दिवशीच्या दुसऱ्या अंकापेक्षा मला हे जास्त लक्षात आहे.

कुणीतरी विचारणारच, ‘एकट्याच आलात?’ विचारणाऱ्या बहुतेकदा सत्तरीच्या आजी असतात आणि त्याही एकट्याच आलेल्या असतात. ‘हो, तुम्ही?’ असं विचारा. पुढचं सगळं त्या सांगतील, १९७०-८०च्या सुमारासची नाटकं, तेव्हाचे नट, सगळं. घंटा झाली की मात्र उठायचं.

प्रयोग संपल्यावर आत जाऊन नटांना भेटता येतं, आपल्याकडे ती पद्धतच आहे. लाजू नका. सेल्फीच्या गर्दीत मात्र शिरू नका. थोडं थांबायचं, आपली पाळी आली की नाटकातली एकच जागा सांगायची: ‘पत्र वाचून तुम्ही चष्मा काढलात ना, तिथे…’ वाक्य अर्धं राहिलं तरी चालतं. ‘अप्रतिम’, ‘सुंदर’ त्यांनी त्या दिवशी खूप ऐकलेलं असतं.

घरी जाताना स्टेटस टाकायची घाई करू नका, आणि दुसऱ्या कुणी त्या नाटकावर काय लिहिलंय तेही त्या रात्री वाचू नका. मी तिकिटाच्या मागे पेनने एकच ओळ लिहिते, नाटक कसं होतं ते नाही, बघताना काय आठवलं ते. ‘माईंचा निळा स्वेटर.’ ‘बँकेतला तो वाद.’ कधीकधी आठवलेल्याचा नाटकाशी काही संबंधही नसतो. अ‍ॅपवरचं तिकीट असेल तर मागची बाजूच नसते, हे त्या अ‍ॅपवाल्यांना कुणीतरी सांगायला हवं.

घरी ‘कसं होतं?’ असं विचारतील. ‘बरं होतं’ म्हणा आणि भात लावा. दोन दिवसांनी आपणच न विचारता बोलायला लागतो, तेव्हा घरचेही नीट ऐकतात. आणि हे ऐकून कुणी ‘पुढच्या वेळी मलाही ने’ म्हणालं, तर जरूर न्या. फक्त तुम्हाला स्वतःला जे बघायची फार ओढ आहे, ते नाटक त्यांच्यासाठी काढू नका. त्यांच्यासाठी विनोदी नाटकाची दोन तिकिटं काढा.