जुन्या मोठ्या बोअरच्या रायफलीसाठी काडतूस आणि ओतीव गोळी कशी निवडावी

नाशिक जिल्ह्यात पणजोबांच्या काळातली एखादी विलायती शिकारी रायफल वारसाने परवान्यावर चढलेली घरे आजही सापडतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली, त्यामुळे ती चालवायची तर रेंजवर, कागदी लक्ष्यावर. त्यासाठी कोणते काडतूस लागेल हे दुकानदाराला विचारण्याआधी रायफलीवरच वाचून घ्यावे.

सुरुवात नळीखालच्या छापांपासून करा. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, दुनळी असेल तर नळ्या कुंद्यापासून वेगळ्या करा आणि खालची सपाट बाजू भिंगातून पाहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इंग्लंडमध्ये धूरविरहित दारूवर तपासलेल्या नळ्यांवर ‘नायट्रो प्रूफ’ असा शिक्का मारत. शेजारी बहुधा कॉर्डाइटचे, म्हणजे त्या काळच्या धूरविरहित दारूचे, आणि गोळीचे वजन ग्रेन या एककात कोरलेले असते. .४७० बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचे नाममात्र माप, इथे इंचात) मूळ भरणी ७५ ग्रेन कॉर्डाइट आणि ५०० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेबत्तीस ग्रॅमची गोळी अशी होती. हा शिक्का नसेल तर नळी काळ्या दारूची, म्हणजे धूरविरहित दारूच्या आधीच्या, कमी दाबाच्या दारूची समजा आणि बंदुकीच्या कारागिराने तपासेपर्यंत तिच्यातून काहीही झाडू नका.

हे सांगण्याचे कारण .५०० तीन इंची; तीन इंच ही काडतुसाच्या पितळी नळकांड्याची, म्हणजे केसची, लांबी. काळ्या दारूच्या ‘एक्स्प्रेस’ रायफलीत ४४० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे १९०० फूट वेगाने जाई. धूरविरहित दारूच्या ‘नायट्रो एक्स्प्रेस’मध्ये ५७० ग्रेनची गोळी २१५० फुटांनी जाते. पण पितळी केस दोन्हींची एकाच मापाची. नायट्रोचे काडतूस जुन्या नळीत विनातक्रार बसते आणि घोडा ओढल्यावर नळी फुटू शकते. .४५० सव्वातीन इंचीची गोष्टही तीच. काडतूस आत बसले म्हणजे ते त्याच रायफलीचे, हा समज सोडून द्यावा.

नावेही फसवतात. .४५०/४०० म्हणजे .४५० ची केस तोंडाशी .४०० ला आवळलेली; त्यातही तीन इंची आणि सव्वातीन इंची असे वेगवेगळे प्रकार आहेत, एकाच्या जागी दुसरे चालत नाही. बंदीचा इतिहासही इथे उपयोगी पडतो. ब्रिटिश सैन्याच्या जुन्या, .४५० बोअरच्याच मार्टिनी-हेन्री बंदुकांना लागणारा माल बंडखोरांच्या हाती पडेल या भीतीने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी आली. मग इंग्रज बंदूकवाल्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशी मापे काढली. जुन्या घरांत हे आकडे वरचेवर दिसतात ते त्यामुळेच. आपल्याकडे सर्रास दिसणारी .३१५ ही मोठ्या बोअरची नव्हे, मूळची ८ बाय ५० मॅनलिखर (आकडे गोळीच्या जाडीचे आणि केसच्या लांबीचे, मिलिमीटरमध्ये). तिला कोणी ‘८ एमएम’ म्हटले तरी ८ बाय ५७ माउझरचे काडतूस तिच्यात घालू नये.

शंका उरली तर परवानाधारक कारागिराकडून चेंबरचा, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेचा, साचा काढून घ्या. मग परवान्यावरची नोंद त्याच्याशी ताडून पाहा. ‘४५०/४००’च्या जागी नुसते ‘४५०’ लिहिलेले असेल तर आधी ते दुरुस्त करा, शहरात पोलीस आयुक्तालयातून, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयातून. परवान्यावर लिहिलेल्या बोअरचे आणि तेवढ्याच संख्येचे काडतूस दुकानदार देऊ शकतो.

आता ओतीव, म्हणजे शिसे वितळवून साच्यात ओतलेली, गोळी. शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही ‘दारूगोळा’ या व्याख्येत येतात, आणि बनवायला वेगळा परवाना लागतो. म्हणून घरच्या शेगडीवर शिसे वितळवण्याचा विचारही नको. पण परवाना असलेल्याकडून गोळी घ्यायची तर मागणी नेमकी करता आली पाहिजे.

त्यासाठी नळीचे माप हवे. कारागीर तेल लावलेला मऊ शिशाचा तुकडा नळीतून हलकेच ठोकत पार नेतो आणि त्यावर आट्यांचा, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांचा, ठसा उमटतो. रायफल जागची हलवायची नाही, हा तुकडा तेवढा नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या टूलरूममध्ये मोजून आणा. आटे सम संख्येत असतील तर साधा मायक्रोमीटर पुरतो. मार्टिनी-हेन्रीच्या नळीत सात आटे असतात, तिथे व्ही-अँव्हिलचा (इंग्रजी V आकाराच्या बैठकीचा) मायक्रोमीटर मागावा. ओतीव गोळी आट्यांच्या तळाच्या मापापेक्षा एक ते दोन हजारांश इंच जाड हवी. बारीक गोळीच्या कडेने गरम वायू निसटतो, शिसे नळीला चिकटते आणि नेम भरकटतो. लोक कठीणपणावर तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते माप चुकले तर मिश्रधातू कितीही भारी असला तरी उपयोग नाही.

मिश्रधातूचा हिशेब सोपा आहे. ब्रिनेल या कठीणपणाच्या मापावर निव्वळ शिसे सुमारे ५ भरते. वीस भाग शिशाला एक भाग कथील घातले की आकडा दहाच्या आसपास जातो. कथिलाने गोळी साच्यात स्वच्छ भरते, अँटिमनीने कठीण होते. काळ्या दारूच्या संथ भरणीला शिसे-कथील छान. मार्टिनीची मूळ ४८० ग्रेनची गोळी तर कागद गुंडाळलेली असे. वेग सेकंदाला १४०० फुटांच्या पुढे जाणार असेल तर बुडाला तांब्याची टोपी, म्हणजे गॅस चेक, असलेली गोळी मागा. पूर्ण ताकदीच्या नायट्रो भरणीला मात्र जॅकेटवाली, म्हणजे कठीण धातूचे वेष्टण असलेली, कारखान्याचीच गोळी बरी.

दुनळीवाल्यांसाठी आणखी एक अट. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एका जागी पडाव्यात म्हणून नळ्या ठराविक वजन आणि वेग धरून जुळवलेल्या असतात. गोळीचे वजन बदलले की डावी-उजवी गोळी फाकते किंवा एकमेकींना ओलांडते. म्हणून नळीवर कोरलेलेच वजन घ्या आणि पन्नास यार्डांवर दोन्ही नळ्या तपासा.

कपाटात सापडलेली हिरवट पडलेली काडतुसे वापरू नका. दुकानदाराला किंवा पोलीस ठाण्यात नोंद करून द्या. कॉर्डाइटचा दाब उष्णतेने वाढतो, म्हणून उष्ण देशांसाठी कारखाने मुद्दाम कमी भरणी करत. मे महिन्याच्या दुपारी बंद गाडीत काडतुसाचा डबा ठेवू नये. घोडा ओढूनही बार झाला नाही तर नळी लक्ष्याकडेच रोखून निदान अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा.

काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या कॅपमधले क्षार नळीत राहून हवेतला ओलावा ओढतात. इगतपुरीच्या पावसाळी हवेत नळी गंजायला एक रात्र पुरते. त्या दिवशीच नळी कडकडीत गरम पाण्याने धुवा, कोरडी करा आणि तेलाचा हात फिरवून ठेवा.