सीडीच्या लेबलवर गाण्यांची यादी आणताय? या चुका टाळा

गाणी मोबाईलवर गेली तरी कोल्हापुरात सीडी पुरती संपलेली नाही. भजनी मंडळांना वाटायला लागतात, शाळांना स्नेहसंमेलनाच्या लागतात, आणि ज्यांच्या घरी जुन्या मैफिलींच्या टेपा नि तबकड्या पडून आहेत त्यांना ते सगळं सीडीवर घेऊन, नावनिशी लावून ठेवायचं असतं. लेबल चुकलं की शिव्या प्रिंटरला बसतात. तो बिचारा दिलं ते छापतो. घोळ बहुतेक वेळा आधीच झालेला असतो, यादी लेबल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आत घेताना.

पहिली चूक म्हणजे 'सीडी घाल, नावं नेटवरून आपोआप येतात' यावर विसंबणं. सॉफ्टवेअर गाणं ऐकून ओळखत नाही. सीडीवर किती ट्रॅक आहेत, प्रत्येक कुठे सुरू होतो आणि एकूण वेळ किती, एवढंच ते बघतं आणि तो हिशोब नेटवरच्या साठ्याशी ताडून पाहतं. बाजारातल्या सीडीला हे चालतं. तुमच्या मंडळाची घरी बर्न केलेली सीडी त्या साठ्यात असणारच कशी? काहीच न येणं हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. वाईट प्रकार असा, की फ्रीडीबी नावाच्या नेटवरच्या जुन्या साठ्याच्या पद्धतीचा सीडीचा ओळख क्रमांक फार आखूड, अवघ्या ३२ बिटांचा. त्यामुळे दोन वेगळ्या सीडींचा क्रमांक एकच निघू शकतो, आणि काकड आरतीच्या सीडीवर कुठल्या तरी परदेशी बँडची गाणी येऊन बसतात. सॉफ्टवेअरने दोन-तीन पर्याय दाखवले तर पहिल्यावर डोळे झाकून क्लिक करू नका.

जुनं सॉफ्टवेअर नुसतंच 'सर्व्हर सापडत नाही' म्हणत असेल तर इंटरनेटवाल्याला फोन करायची गरज नाही. फ्रीडीबी २०२०मध्ये बंद पडलं. सेटिंगमध्ये अजून तोच पत्ता असेल तर तो बदलून जीएनयूडीबी या दुसऱ्या साठ्याचा टाका, ते त्याच पद्धतीने चालतं. सॉफ्टवेअर नवं असेल तर म्युझिकब्रेन्झ हा साठा निवडा. ते ट्रॅकची सुरुवात सेकंदाच्या ७५व्या भागापर्यंत मोजतं, म्हणून गल्लत कमी होते.

आता मराठीचा खरा त्रास. पार्टी मॅटर आणते ते एखाद्या डीटीपीवाल्याकडून टाइप केलेलं, श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये. त्याच्या स्क्रीनवर सुंदर दिसतं, लेबलच्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केलं की चिन्हांचा चिवडा. कारण त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. आधी ते कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, आणा आणि आणल्यावर वाचा. कन्व्हर्टर अडखळतो तो ठरलेल्या जागी: रफार आणि जोडाक्षरावरची पहिली वेलांटी. 'भक्तिगीत', 'कीर्तन', 'मूर्ती', 'स्थिती' एवढे शब्द तपासले तरी रूपांतर कसं झालंय ते कळतं.

मॅटर युनिकोडमध्ये असूनही बिघडतं, तेव्हा काय दिसतंय ते नीट बघा. चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नाही; मंगल किंवा निर्मला घ्या. इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्यावर टोप्या-टिंबं असा गिचमिडा दिसत असेल तरीही मजकूर बहुतेक जिवंत आहे, सॉफ्टवेअर तो चुकीच्या एन्कोडिंगने वाचतंय; इम्पोर्टच्या खिडकीत यूटीएफ-८ निवडा. पण ओळीने प्रश्नचिन्हं दिसली तर त्या फाइलमधली अक्षरं गेली, ती कुठल्याही सेटिंगने परत येत नाहीत. हे होतं एक्सेलमध्ये साधं सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणारी फाइल) म्हणून सेव्ह केल्यावर. सेव्ह करताना यादीतलं 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडायचं आणि मूळ एक्सेल फाइल कधीही उडवायची नाही.

एक्सेलची आणखी एक खोड. गाण्याची वेळ ४:३५ लिहिली की ते चार तास पस्तीस मिनिटं समजतं, आणि लेबलवर ४:३५:०० उमटू शकतं. तो रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मग वेळा भरा. क्रमांक ०१, ०२ असे हवे असतील तर त्या रकान्यालाही हेच लागू. कलाकाराच्या रकान्यात 'गायन, तबला, पेटी' असं स्वल्पविराम देऊन लिहिलं असेल तर काही सॉफ्टवेअर तिथेच तुकडे पाडतात, तबलजी वेळेच्या रकान्यात जातो आणि पुढचं सगळं सरकतं. टॅबने वेगळी केलेली फाइल वापरली की हा प्रश्न मिटतो.

सीडी-टेक्स्टमधून, म्हणजे सीडीवरच नोंदलेल्या माहितीतून, नावं ओढायचा मोह टाळा. त्यात लॅटिन अक्षरांची आणि जपानीची सोय आहे, देवनागरीची नाही. एमपी३च्या टॅगमधून (फाइलमध्येच लिहिलेल्या गाण्याच्या माहितीतून) घेताना शीर्षक बरोबर ३०व्या अक्षराला तुटत असेल तर सॉफ्टवेअर जुना आयडी३ टॅग वाचतंय असं समजा.

क्रमाची चूक सगळ्यात महाग पडते, कारण ती सीडी वाजवेपर्यंत कळत नाही. फाइलच्या नावांवरून यादी घेतली की १ नंतर १०, ११ आणि मग २ येतं. प्लेलिस्ट नावाप्रमाणे लावलेली असताना एक्सपोर्ट केली तरी तोच गोंधळ. यादी घ्यायची ती बर्न झालेल्या सीडीच्या क्रमाने.

शास्त्रीय संगीताच्या सीडींना वेगळी काळजी लागते, आणि जयपूर घराण्याचे गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या या गावात असं काम येतंच. नेटवरून आलेली रागांची नावं रोमन लिपीत असतात, एकाच रागाची स्पेलिंगं तीन तऱ्हांची. बसंती केदार, संपूर्ण मालकंस अशी नावं हातानेच मराठीत लिहा. कलाकार, राग आणि ताल वेगळ्या रकान्यांत ठेवा. ७८च्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. ८० मिनिटांच्या सीडीवर अशा वीसेक बाजू सहज बसतात. मग लेबलवर जागा पुरत नाही, सॉफ्टवेअर परस्पर अक्षर बारीक करतं आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. १२० मिलिमीटरच्या गोलात, त्यातून मधलं भोक वजा करून, एवढी यादी कोंबू नका. गोलावर शीर्षक आणि कलाकार, बाकी सगळं डबीच्या मागच्या कागदावर. तो १५१ बाय ११८ मिलिमीटरचा असतो. त्यातल्या दोन्ही बाजूंच्या साडेसहा मिलिमीटरच्या दुमडीत यादीचा मजकूर जाऊ देऊ नका, तिथे फक्त सीडीचं नाव.

पार्टीला प्रूफ दाखवताना साध्या कागदावर काढा आणि सीडी शेजारी वाजत ठेवा. पहिला ट्रॅक, शेवटचा ट्रॅक आणि मधला कुठलाही एक, एवढे जुळले की मगच ग्लॉसी कागद ट्रेमध्ये घाला.